कोंबडी छाप

पॉलिश तिचं, कोंबडी नणंदेची. अकरा वर्षांपूर्वी मागच्या खोलीत मेण वितळवून तिने लाकडाच्या पॉलिशचे पहिले वीस डबे भरले, तेव्हा लेबलावर चित्र हवं म्हणून नणंदेला बसवलं. नणंदेला अख्ख्या जगात एकच चित्र येत होतं. त्यामुळे खुर्च्या-टेबलांच्या पॉलिशवर एक लठ्ठ, रागीट कोंबडी येऊन बसली, ती बसलीच.

तिला त्या कोंबडीची लाज वाटायची. धंद्याचं नाव सरकारात नोंदवायचं ठरलं तेव्हा तिने कोंबडीला हाकललं आणि अर्जात रुबाबदार शब्द लिहिले: ‘उत्तम चमक’. नवी लेबलंही तशीच छापून घेतली. तिला हसू नका. चांगली शिकलेली माणसं पडद्याचं कापड निवडावं तसं नाव निवडतात. दिसायला बरं, की झालं.

तीन महिन्यांनी नोंदणी कार्यालयाचं पत्र आलं: हरकत आहे, महिन्याभरात उत्तर द्या. त्याच आठवड्यात दुकानदाराने दोन खोकी परत पाठवली.

“सुतार हात लावत नाहीत हो,” तो फोनवर म्हणाला. “कोंबडीवालं द्या म्हणतात. आणि ऐकलंत का? पलीकडचा कारखाना पॉलिशवर कोंबडा छापणार आहे.”

त्यांनी आधी नोंदवलं, तर अकरा वर्षांची ओळख त्यांच्या घशात जाणार होती. नणंदेला घेऊन तिने वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

वकीलबाईंनी पत्र वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. “उत्तम चमक कुठलाही पॉलिशवाला म्हणणार. ते शब्द तुमच्या एकटीच्या नावावर कोण करून देईल? उद्या पाणीवाला ‘ओलं’ या शब्दावर हक्क सांगेल. आणि इथे मालाच्या वर्गात फर्निचर लिहिलंय. खुर्च्या विकता?”

“खुर्चीलाच लावतात ना!”

“मग ब्रश विकणाऱ्याने दातांचा वर्ग लिहावा की काय? बरं, गिऱ्हाईक दुकानात काय मागतं?”

नणंदेने पिशवीतून जुना डबा काढून टेबलावर ठेवला. “ही मागतात.”

“अगं बाई! लाकडाचा आणि कोंबडीचा संबंध काय?”

“काहीच नाही,” ती ओशाळून म्हणाली.

“मग झालं तर! संबंध नाही म्हणूनच ती फक्त तुमची. आधीच का नाही आणलीत?”

आता आधी शोध. पॉलिशच्या वर्गात नोंदवलेले सगळे पक्षी वकीलबाईंनी संगणकावर तपासले. एक बदक निघालं, बुटांच्या पॉलिशवरचं. ते त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. “मान वेगळी, चोच वेगळी, नावही वेगळं. चालेल. कोंबडा अजून कुठे दिसत नाही. आजच अर्ज टाकू. अकरा वर्षांची जुनी बिलं, लेबलं आणा. वापराचा पुरावा लागेल. आणि चित्र काढणारीने हक्क लिहून द्यायला हवा. घरचं माणूस म्हणून हे सोडायचं नाही.”

“देते की लिहून,” नणंद म्हणाली. “पण वहिनी, तिला बारीक करायचं नाही हं.”

“तुझ्यावर गेलीये, बारीक कशी होईल?”

वकीलबाईंसकट तिघी हसल्या. संध्याकाळच्या आत जुना अर्ज मागे गेला आणि नवा दाखल झाला.

पुढे वाट पाहण्याचे महिने. कोंबडी सरकारी पत्रिकेत छापून आली, इतरांनी हरकत घ्यायची मुदत सुरू झाली. ती रोज डबे भरायची आणि फोन वाजला की दचकायची. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला, तेव्हा हात मेणाने माखलेले. नणंदेने तो तिच्या कानाला धरला.

“कुणाचीही हरकत नाही. प्रमाणपत्र येईल,” वकीलबाई म्हणाल्या.

“आणि कोंबडा?”

“त्यांचा अर्ज तुमच्यामागून आठ दिवसांनी आला. तुमच्या कोंबडीपाशी अडकलाय.”

तिने फडक्याला हात पुसले, जुनं लेबल उचललं आणि छपाईवाल्याकडे निघालीसुद्धा.

“अगं वहिनी, थांब,” नणंद मागून ओरडली, “मला चपला तरी घालू दे!”