रुपयाला रुपया, पाहुण्याला पाहुणा

आमच्या स्टाफरूममध्ये कपाट एकच होतं आणि त्याचंही दार नीट लागत नसे, त्यामुळे त्या वेळचे कागद काही उरले नाहीत. किस्से मात्र उरले. ते कुणी मुद्दाम जपले असंही नाही. चहा यायला उशीर झाला की कुणीतरी एक काढायचं, दुसरा त्यात आपल्या पदरचं थोडं घालायचा, आणि वर्षभरात ढीग व्हायचा. मी भोरच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. शिकवलेल्या निम्म्या कविता विसरले, पण गायकवाड सरांनी परदेशी जाण्यासाठी पैसे कसे बदलून घेतले, ते झोपेतून उठवून विचारा, सांगेन!

गायकवाड सर भूगोल शिकवायचे. शाळेमागे त्यांनी पाऊस मोजायचं नळकांडं बसवलं होतं. सिलोनमधल्या अनुराधापूरच्या एका भूगोलाच्या मास्तरांचा पत्ता त्यांना कुठल्याशा मासिकात मिळाला, आणि सहा वर्षं दोघं एकमेकांना इंग्रजीतून पावसाचे आकडे कळवत होते. आमच्याकडे इतके इंच, तुमच्याकडे किती? बस, एवढीच ओळख. फोटोसुद्धा पाहिलेला नव्हता.

त्या मास्तरांचं नाव गुणरत्ने. हेडसरांनी ते ऐकलं आणि लगेच विचारलं, "कुठले गुणरत्ने? साताऱ्याकडचे का हो?"

•

सरांची बायको सुशीलाबाई. माहेर वेल्ह्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. घरी कोंबड्या पाळून अंडी विकायची. अनुराधापूरला जुना बोधिवृक्ष आहे. त्या झाडाचं एक गळलेलं पान गुणरत्नेंनी एकदा पाकिटातून पाठवलं होतं. ते तिने बुद्धाच्या तसबिरीला लावून ठेवलं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात ते झाड बसलं.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सर दर मे महिन्यात म्हणायचे, "पुढच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ." सहासष्ट सालचा उन्हाळा लागताच तिने त्यांना धरलंच.

"पुडची सुट्टी म्हंजे कंची, त्ये सांगा. आन कुटंतरी म्हंजे कुटं, त्येबी सांगा."

सर गडबडले. म्हणाले, "दिवाळीची. सिलोन."

"मंग ठरलं."

सर आम्हाला सांगायचे, "मी आपलं लांबचं नाव घेतलं, म्हटलं ही गप्प बसेल!"

पण तिची तयारी पुढे गेलेली होती. रामेश्वरपर्यंत रेल्वे, तिथून बोट, दोघांच्या भाड्याचे पैसे अंड्यांतून साठले होते. अडत होतं ते बोटीतून उतरल्यावर. आठ दिवस राहायचं, खायचं, तर तिथला पैसा हवा. आणि तो चांगल्या भावात हवा, कारण शिल्लक फार नव्हती.

•

सर भोरच्या बँकेत गेले. म्हणाले, "पैसे बदलून हवेत. सिलोनचे रुपये."

कॅशियरने आजवर फाटक्या नोटांखेरीज काही बदलून दिलं नव्हतं. त्याने विचारलं, "त्यांचाही रुपयाच?"

"हो."

"भाव काय?"

"सध्या रुपयाला रुपया."

कॅशियरने सरांकडे दया आल्यासारखं पाहिलं. "सर, रुपया देऊन रुपयाच घ्यायचा, तर आहे तो काय वाईट आहे?"

शेवटी मॅनेजर बाहेर आले. भले गृहस्थ होते. परदेशी पैशाला सरकारची परवानगी लागते, ती मोठ्या शहरातल्या कचेरीतून येते, सहलीसाठी ती मिळणं जवळजवळ अशक्य, हे त्यांनी सरांना बसवून समजावलं. सर परत आले ते थेट वर्गावर गेले आणि आठवी ब ला ठरलेल्या गंगेच्या खोऱ्याऐवजी सिलोन शिकवून आले.

•

स्टाफरूममध्ये यावर दोन दिवस खल चालला. आमचा शिपाई किसन कपबश्या विसळता विसळता ऐकत होता. तो म्हणाला, "तिकडं रुपया, हितंबी रुपया. त्या मास्तरला हितं यायचं आसंल तर त्यो हितला रुपया कुटनं आननार? तुमी त्येला जेवू घाला, त्यो तुमाला घालंल. मदी ब्यांक कशाला पायजे?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू! गायकवाड सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं.

गुणरत्नेंचं उत्तर आलं ते आनंदाने फुटायच्या बेतात होतं. त्यांना आणि त्यांच्या बायकोला कित्येक वर्षं इकडे यायचं होतं, आणि त्यांचं सरकारही त्यांना भारताचा रुपया देत नव्हतं! ठरलं. ऑगस्टात ते दोघं आठ दिवस भोरला, दिवाळीत हे दोघं आठ दिवस अनुराधापूरला. दिवसाला दिवस.

हेडसर कायद्याला भिणारे. त्यांनी बँकेच्या मॅनेजरांना गाठून हळूच विचारलं, "हे नियमात बसतं का?"

मॅनेजर म्हणाले, "पाहुण्याला जेवू घालायला अजून तरी परमिट लागत नाही. लागायला लागलं की कळवतो!"

•

पासपोर्टाच्या चौकशीला हवालदार घरी आले. सरांच्या दारात पोलीस म्हटल्यावर अर्धी आळी गोळा झाली. हवालदार नेमके सरांचे जुने विद्यार्थी निघाले, त्यामुळे त्यांना खुर्चीवर बसायची चोरी. उभ्याउभ्याच प्रश्न विचारायला लागले.

"बाई, तुमी तिकडं ऱ्हानार तर न्हाई ना? परत येनार ह्याचा काय भरवसा?"

"आवो, अकरा कोंबड्या हायेत माज्या. त्यांना कोन बगनार, तुमी?"

हवालदारांनी मान डोलावली आणि ते गंभीरपणे लिहून घेतलं. पासपोर्ट आले तेव्हा आपटे सर म्हणाले, "अकरा कोंबड्यांच्या तारणावर भारत सरकारने बाई सोडल्या!"

•

आता आपटे सरांविषयी. ते गणित शिकवायचे. शाळा उघडायच्या तोंडावर सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. पेपर भोरला पोचला आणि आपटे सर तो हातात घेऊन धावत आले.

"गायकवाड, भाव गेला! आता त्यांच्या एका रुपयाला आपला दीड रुपया, वर काही पैसे. म्हणजे तुम्ही त्यांना आठ दिवस ठेवलंत, तर नव्या भावाने तुम्हाला तिथे पाचच दिवस मिळतात. आठ हवे असतील तर त्यांना इथे साडेबारा दिवस ठेवायला हवं!"

खरं म्हणजे ही थट्टा होती. वरणभाताचं कुठे अवमूल्यन होतं? पण गायकवाड सर पावसाचा आकडासुद्धा कधी अर्ध्या रेघेने वाढवून न सांगणारे. त्यांना ते पटलं. त्यांनी गुणरत्नेंना लिहून टाकलं: आमचा रुपया उतरला आहे, तरी तुम्ही साडेबारा दिवस यावं, नाहीतर आम्ही पाच दिवसच येऊ, जास्त राहणं बरोबर होणार नाही.

मी विचारलं, "सर, तो अर्धा दिवस कसा द्यायचा?"

आपटे सर म्हणाले, "दुपारचं जेवण करून निघायचं."

सुशीलाबाईला हे कळलं तेव्हा मी तिथेच होते. तिने हातातली अंड्यांची टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "आटरा वर्सांनी बाहीर पडायचं, आन पाच दिसांत माघारी? तुमचा रुपया उतारला, त्यात माजं काय चुकलं वो?" आणि मला त्या दिवशी आपटे सरांचा, त्या पेपरचा, सगळ्याचाच राग आला होता. बाईचं एवढं एक मागणं, आणि आम्ही त्याचं त्रैराशिक करून बसलो होतो.

•

महिनाभर उत्तर नाही. सुशीलाबाई अंडी द्यायला यायची आणि पोस्टमनची चौकशी करून जायची. जुलैत पत्र आलं. सरांनी ते स्टाफरूममध्येच फोडलं.

गुणरत्नेंनी लिहिलं होतं, "तुमचा हिशेब मी आणि माझ्या पत्नीने दोनदा तपासला. बरोबर आहे. पण मला रजा दहाच दिवसांची मिळते. उरलेले अडीच दिवस भरून काढण्यासाठी मी माझ्या सासूबाईंना बरोबर आणतो आहे."

आम्ही हसून लोटपोट झालो. आपटे सर मात्र कागद ओढून बसले. पाच मिनिटांनी मान वर केली आणि म्हणाले, "गायकवाड, सासूबाई पूर्ण दहा दिवस राहणार असतील, तर आपण जास्त देतोय. आता त्यांच्याकडेच आपलं येणं निघतं!"

किसनने धावत जाऊन सुशीलाबाईला सांगितलं, "वयनी, म्हातारी येतीया! तुमचं आट दिस वाचलं!"

•

ऑगस्टात पाहुणे आले, आणि कसे! भर पावसात नसरापूरवरून आलेल्या एसटीतून उतरले, तर गुणरत्ने चहासुद्धा न घेता म्हणाले, "आधी ते नळकांडं दाखवा." छत्री धरून आम्ही सगळे शाळेमागे. त्यांनी नळकांडं पाहिलं, मग वर पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मित्रा, वर आंब्याची फांदी आहे."

सहा वर्षं भोरचा पाऊस त्या फांदीने अडवला होता! गायकवाड सरांचा चेहरा बघवेना. गुणरत्नेंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तरीच मला वाटायचं, आमचंच गाव एवढं भिजतं कसं?"

•

सासूबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, सिंहलीखेरीज एक अक्षर न येणाऱ्या. सुशीलाबाईला मराठीखेरीज येत नव्हतं. दोघी दिवसभर बोलायच्या. ही मराठीत विचारणार, त्या सिंहलीत उत्तर देणार, आणि स्वयंपाक वेळेवर तयार! आमचा मिरचीचा ठेचा पाहुण्यांना झेपेल का, म्हणून सुशीलाबाईने बोटाच्या टोकावर वाढला, तर म्हातारीने चव बघितली आणि वाटीच पुढे ओढली.

दोघी भांडायच्यासुद्धा. ही वाढायला गेली की त्या ताटावर हात धरायच्या. ही तो हात उचलून वाढायची. मग त्या उठून हिच्याच ताटात वाढायच्या. एकदा हे इतकं चाललं की शेवटी भात संपला आणि दोन्ही मास्तर उपाशी राहिले!

आपटे सर रोज संध्याकाळी यायचे, पाहुण्यांचा कितवा दिवस ते विचारायला. बारा वर्षांत ते गायकवाडांच्या दारात उभे राहून बोलले होते, आत कधी बसले नव्हते. घरी जेवणं तर दूरच. ते का, हे भोरमध्ये कुणाला विचारावं लागत नसे. मी आत बसायची, चहा घ्यायची, पण जेवायची वेळ आली की काहीतरी काम काढून उठायची. आज सांगताना लाज वाटते.

चौथ्या दिवशी आपटे सर उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "चार झाले ना?"

सुशीलाबाई आतून म्हणाली, "सर, ह्यो हिशोब हुभ्यानं व्हायचा न्हाई. आत या, बसा, ताट वाडते. बाई, तुमीबी बसा. आज काम काडू नगा."

आपटे सरांनी छत्री मिटून दाराशी टेकवली. मग चपला काढून आत आले. आम्ही दोघंही पोटभर जेवलो. पाहुण्यांचा मुक्काम संपेपर्यंत आपटे सरांनी एकही दिवस चुकवला नाही, आणि हिशेबाचं नाव पुन्हा काढलं नाही.

•

दिवाळीच्या सुट्टीत सर आणि सुशीलाबाई निघाले. स्टँडवर सगळा स्टाफ हजर. कोंबड्या किसनकडे. सुशीलाबाईने नवीन पातळ नेसलं होतं आणि कुणाशी धड बोलत नव्हती. घाबरली आहे की खूश आहे, कळेना. एसटी सुटताना हेडसरांनी खिडकीतून बजावलं, "गायकवाड, शाळा सोमवारी उघडते. इन्स्पेक्शन आहे. वेळेवर या!"

सर म्हणाले, "आठ दिवस म्हणजे आठच दिवस, सर. ठरलेला भाव आहे."

सोमवार उजाडला. प्रार्थना झाली, हजेरी झाली, गायकवाड सरांचा पत्ता नाही. वक्तशीर माणूस, कधी एक तास चुकवलेला नाही. बोट बुडाली की काय इथपर्यंत आमची मजल गेली. हेडसर सारखे घड्याळ बघत होते. आपटे सरांनी गायकवाडांचा भूगोलाचा तास घेतला.

मधल्या सुट्टीत पोस्टातला माणूस सायकलवरून तार घेऊन आला. हेडसरांनी ती उघडली. इंग्रजीत चारच ओळी होत्या. त्यांनी मनात वाचल्या, चष्मा पुसला, आणि मग आम्हा सगळ्यांना मराठीत वाचून दाखवल्या:

"म्हातारीशी भाव जमत नाही.
आणखी आठ दिवस राहते.
सरांना कालच पुढे पाठवलं आहे.
सुशीला."