आधीच सांगून ठेवतो

“आधीच सांगून ठेवतो, मले कोनी नाई.”

हे ती कोणालाही सांगायची. नव्या शिक्षिकेला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला. एकदा कुर्त्याचं माप द्यायला गेली तेव्हा शिंप्यालाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, “बेटा, मी त बाही किती ठेवू येवढंच इचारलं.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कोणी बोट ठेवण्याआधी स्वतःच दुखरी जागा दाखवून मोकळी होतात.

मी समुपदेशक. दर शनिवारी अकोल्याहून अमरावतीच्या एका बालगृहात जाते. आईवडील नसलेल्या आठ-दहा मुली सतरंजीवर गोल करून बसतात. अनाथ असणं म्हणजे आपल्यातच काही खोट आहे, हे त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. ते बोलून बोलून सैल करायचं, एवढंच आमचं काम. ती तेव्हा गटात सर्वांत मोठी होती, सतरा वर्षांची.

“सगळ्यांना आधीच का सांगतेस गं?” मी विचारलं.

“मागून कळलं का लोकाइचं तोंड बदलते, ताई. आधी सांगतलं का झंझटच नाई.”

याचं उत्तर दिलं ते गटातल्या सर्वांत लहान मुलीने. एका शनिवारी हिने नेहमीचं वाक्य म्हणताच ती लहानी ताडकन उठली.

“तुले कोनी नाई, त मी कोन हाओ? रोज माह्या वेण्या घालतं, मले ताप आला त रडतं, अन् लोकाइले सांगतं कोनी नाई!”

कोणी हसलं नाही. तिला हात धरून शेजारी बसवत ही म्हणाली, “माह्या ध्यानातच नाई आलं व.”

सवय एका दिवसात गेली नाही. पुढे कितीतरी दिवस ती “आधीच सांगून ठेवतो” म्हणायची, थांबायची आणि “भूक लागली” असं काहीतरी जोडून द्यायची. मग मुली खो-खो हसायच्या. तीही हसायची.

अठरा पूर्ण झाल्यावर ती नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात लागली. लहानीला भेटायला रविवारी येते म्हणे. माझी गाठ पडत नाही.

मध्यंतरी कामानिमित्त तिकडे गेले, तेव्हा कारखान्याच्या बसथांब्यावर ती दिसली. मैत्रिणींच्या घोळक्यात सुपरवायझरची नक्कल करत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. मी कोण, हे तिला त्यांना सांगावं लागलं असतं. काय सांगायचं आणि केव्हा, ते आता तिचं तिनं ठरवायचं होतं.

बस आली. जागेसाठी दोघींना ढकलत ती आत शिरली. बस वळेपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता.