होडीच्या सुतारांनी बांधलेलं ताडीचं दुकान

डोंबिवलीजवळ खाडीच्या काठाला एक जुनं ताडीचं दुकान होतं. तिथे पहिल्यांदा मापं घ्यायला गेले तेव्हा दारातच मी नाकाला ओढणी लावली. आत आंबूस वास कोंडलेला. भिंतींवर पिंका, आणि जमीन इतकी चिकट की पाऊल उचललं की चप्पल मागे राहायची. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका इंटिरियरच्या ऑफिसात ड्रॉइंग करायचे. माजिवड्याला एक पब होणार होता, जुन्या इंग्लिश खेड्यातला असतो तसा. त्याच्या मालकाला खरं जुनं लाकूड हवं होतं, म्हणून आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मला इथे पाठवलेलं.

दुकान चालवणारी कोळीण साठीच्या आसपासची होती. मी तिला मावशी म्हणायला लागले.

"नाक काय धरतेस?" ती म्हणाली. "वर बघ."

वर बघितलं आणि ओढणी हातातच राहिली. सागाचे बारा खांब, त्यांच्यावर तुळया, आणि सगळ्यात वर आढं. ते सरळ नव्हतं, मधे हलकासा बाक होता. तिच्या आजेसासऱ्याने घर बांधणारा सुतार बोलावलाच नव्हता, होड्या बांधणाऱ्यांना बोलावलं होतं. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. एकाही मोठ्या जोडात खिळा नव्हता. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घालून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. खांब जमिनीत पुरलेले नव्हते, दगडांवर नुसते टेकवलेले. भिंती कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या.

"मोठ्या भरतीचा पानी आत शिरला का भिंती जातान," मावशी म्हणाली. "खांब रातान. भिंती काय, आठ दिसांत परत उभ्या करतो."

जागा रस्त्यात जाणार होती, दुकान तसंही पडणार होतं. सांगाडा जसाच्या तसा माजिवड्याला उभा करू, असं साहेबांनी कबूल केलं म्हणून ती लाकडं द्यायला तयार झाली. तरी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "तू उभा करशील ना?"

मी हो म्हणाले. नऊ दिवस शिडीवर चढून मी एकेका लाकडावर पांढऱ्या रंगाने नंबर घातले. कुठली खुंटी कुठल्या भोकातली, तेही लिहिलं. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही काढलेलं नाही. आढ्याची उंची त्या पबच्या हॉलमध्ये बसत नाही, हे ड्रॉइंग काढतानाच माझ्या लक्षात आलेलं. साहेबांना विचारलं तर "बघू" म्हणाले. मीही मग पुन्हा विचारलं नाही.

दुकान उतरवून लाकडं नेल्यावर महिन्याभराने आमच्या गोडाऊनला गेले तर करवत चालू होती. खांबांच्या इंचभर जाडीच्या फळ्या पाडत होते. माझे नंबर मधोमध कापले गेलेले, अर्धा सात इकडे, अर्धा तिकडे. इतक्या वर्षांचं लाकूड, पण आतून ताजाच वास येत होता.

"अगं, वर स्लॅब आहे," साहेब म्हणाले. "तुझं आढं काय वरच्या मजल्यावर काढायचं? लोकांना दिसायला लाकूड पाहिजे. दिसेल की."

मी नोकरी सोडली नाही. हे लिहिताना अजून तोंड कडू होतं. उलट पुढचं सगळं मीच काढलं. काँक्रीटच्या कॉलमला चारी बाजूंनी फळ्या चिकटवल्या. लाकूड कमी पडलं तिथे फायबरच्या पोकळ तुळया. पांढऱ्या भिंतीवर काळ्या तिरक्या पट्ट्या, ज्यांच्यावर कसलाच भार नव्हता. मालकाला किडे लागल्याची भोकं हवी होती, तर एक माणूस दोन दिवस बसून बारीक ड्रिलने भोकं पाडत होता. धुराने काळवंडल्यासारखं दिसावं म्हणून वरून केमिकल. ते माझ्या हातांना लागलं, आणि त्या हातांनी डबा खाववेना.

मावशीचे फोन यायचे. "झाला का उभा?" मी आज-उद्या करत राहिले. शेवटी तीच निघाली. खोपटच्या डेपोवर मी तिला घ्यायला गेले. नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून आलेली. रिक्षात मी तिला काही सांगू शकले नाही.

दुपारी पब रिकामा होता. मॅनेजरने तिच्याकडे बघून मला विचारलं, "मासळीवाली का? मागच्या दाराने पाठवा." ती माझ्याबरोबर आली आहे, असं मी म्हणाले. माझा आवाज फार बारीक निघाला.

ती वर बघत हॉलभर फिरली. हाताला येणाऱ्या एका तुळईवर टेबलावरच्या काट्याने ठोकून बघितलं. ठक्क आवाज आला, प्लॅस्टिकच्या डब्याचा येतो तसा. मग संडास कुठे आहे, एवढंच तिने विचारलं.

बायकांच्या बाजूला कुलूप होतं, म्हणून मॅनेजरने पुरुषांची बाजू दाखवली. आत मुताऱ्यांच्या मागच्या भिंतीला, गुडघ्याच्या उंचीवर, फळ्यांची रांग बसवलेली. एकीवर शिंतोड्यांचे डाग पडायलाही लागले होते. मावशी वाकली. फळीवर एक तेलकट, तांबूस पट्टा होता, केमिकलनेही न गेलेला.

"यो मधला खांब," ती म्हणाली. "याला आमी दसऱ्याला हलद-कुंकू लावायचो."

मी मॅनेजरकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मालकाला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही, म्हणाला. मग मी बारमधली सुरी आणली आणि फळी उपटून काढली. खाली गोंदाचे पिवळे लगदे होते. मॅनेजर आमच्या साहेबांना फोन लावत होता. मी फळी बेसिनमध्ये तीनदा धुतली.

"तूच काढलेलास ना ह्या सगल्याचा नकाशा?" मावशीने विचारलं.

"हो, मीच."

तिने फळी पदरात गुंडाळली. डेपोपर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाली, आणि एकटीच रिक्षात बसली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला नोकरीवरून काढलं. पब चांगला चालतो असं ऐकते. फळी काढलेल्या जागी पबवाल्यांनी टाइल लावली.