वळू पाणी पिऊन जाईपर्यंत

१४ मे १९७४, मंगळवार. पहाटे दव, नंतर ऊन. रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा केला. सेल्मर दात काढायला गावात गेला, म्हणून ओढ्यावर एकटीच गेले. क्लेव्हनचा वळू कुरणात मोकळा होता. मासा हातचा गेला.

ऑटिली ब्रुगनच्या रोजनिशीत एवढंच असायचं. पाय लटपटले, घशाला कोरड पडली, असलं काही ती लिहीत नसे.

तिचा नवरा अंतोन गोठ्यामागच्या आवारात वळूखाली चिरडून मेला, त्याला अकरा वर्षं झाली. बाटलीने दूध पाजून वाढवलेला घरचाच वळू. पाहणारे सांगत, अंतोन पळाला, तिथेच चुकलं. ऑटिलीने गाई विकल्या, कुरण शेजारच्या क्लेव्हन शेतकऱ्याला चराईला दिलं आणि त्यानंतर कुरणाच्या फाटकापलीकडे पाऊल टाकलं नाही. टेकडीच्या पोटातून निघालेला गार पाण्याचा ओढा पलीकडेच वाहायचा. तिला तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचा.

या वसंतात तिने शेजारच्या सेल्मर ट्वेटनला गाठलं. सेल्मर चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा, बडबड्या.

"मला गळावरच्या पिसांच्या खोट्या माशीने ट्राउट धरायला शिकव. शुक्रवारी मांस नाही, मासा लागतो आम्हा कॅथलिकांना."

शुक्रवार हे आपलं निमित्त. फाटकाच्या अलीकडेच मरायचं तिला नको होतं, पण ते सेल्मरला कशाला सांगा?

सेल्मरने आधी तिला अंगणातल्या गवतावर मासेमारीच्या काठीने दोर फेकायला लावला. "अगं, कार्पेट झोडपतेस का? खिळा ठोकल्यासारखा हात पुढे आण आणि थांबव. माशी आपोआप उतरेल."

मग ओढा. पाणी असं नितळ, की काठावर माणूस उभा राहिला तरी मासे पसार. सावली पाडायची नाही, पाय आपटायचा नाही, गुडघ्यांवरच पुढे सरकायचं. यात मात्र ऑटिली पहिल्याच दिवशी पास झाली.

"शाळेतल्या सिस्टरांनी इतकी वर्षं प्रार्थनेला गुडघ्यांवर बसवलं, ते काही वाया नाही गेलं," सेल्मर म्हणाला. "आम्हा लूथरवाल्यांचे गुडघे बघ, कुरकुरतात नुसते."

"वळू बांधलेला आहे ना?"

"साखळीला आहे गं बाई! फाटक आलं की तुझं हेच."

त्या मंगळवारी विचारायला कुणी नव्हतं. फाटकाशी ती बराच वेळ उभी राहिली. आज माघारी फिरले तर पुन्हा इथवर येणं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने कडी काढली.

वळणापाशी ती काठच्या पाणथळ, उंच गवतात गुडघ्यांवर बसली. समोरच्या काठाखाली एक ट्राउट पाण्यावरचे किडे टिपत होता. तिने माशी टाकली. बरी पडली. एवढ्यात पलीकडचं गवत हललं आणि क्लेव्हनचा काळापांढरा वळू उतारावरून पाण्यावर आला. गळ्यात तुटक्या साखळीचा तुकडा लोंबत होता.

मधे ओढा होता, पण केवढा? गाईचं वासरूसुद्धा उडी मारून ओलांडेल एवढा.

पळ, असं तिचं सगळं अंग ओरडत होतं. अंतोन पळाला होता. तिने श्वास रोखला. वारा तिच्या तोंडावर येत होता, म्हणजे वळूला तिचा वास लागत नव्हता. वळूने मान खाली घातली आणि पाणी ओढू लागला. त्याच्या नाकपुडीवरच्या माश्याही तिला दिसत होत्या. ती मनात 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणू लागली, तर अर्ध्यावर शब्दच हरवले.

आणि तेवढ्यात ट्राउटने माशी गिळली.

दोर सुटला. काठीवरचं दोराचं रीळ किर्रर्र करत फिरू लागलं. वळूने झटक्यात मान वर केली, तोंडातून पाणी गळत होतं. ऑटिलीने तळहात रिळावर दाबून धरला. आवाज थांबला. काठी वाकली, कमान झाली, आणि टोकाचा बारीक धागा तटकन तुटला.

वळू तिच्याकडेच बघत होता. की गवताकडे? त्याने एक खूर पाण्यात टाकला. ऑटिली पापणीसुद्धा न हलवता बसून राहिली. मांडीपर्यंत येणाऱ्या डाव्या रबरी बुटात गुडघ्यापाशी गार पाणी शिरत होतं. वळूने फुरफुर केलं, पुन्हा पाणी प्याला, आणि मग सावकाश वळून उतार चढून गेला.

कुरणातून परत जायची तिला हिंमतच नव्हती. ती तशीच रांगत ओढ्यात उतरली आणि पाण्यातून चालत रस्त्याच्या पुलापर्यंत आली.

पुलावर सुजलेला गाल धरून सेल्मर उभा होता. तिने सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला.

"क्लेव्हनला आत्ताच्या आत्ता फोन करतो. गाढव लेकाचा!" मग हळूच, "मासा केवढा होता गं?"

"मी वळू बघत होते, सेल्मर."

"तरीपण. अंदाजे?"

तिने हात पसरून दाखवले. हात थरथरत होते, त्यामुळे मासा लहानमोठा होत राहिला.

"आता काठी माळ्यावर टाकशील," सेल्मर म्हणाला.

ऑटिली ओले बूट ओढत घराकडे चालू लागली. संध्याकाळी क्लेव्हनचा निरोप आला, वळू नव्या साखळीला आहे म्हणून. तो ऐकूनही तिने परसदाराची कडी दोनदा तपासली. मग टेबलाशी बसून रोजनिशीत त्या दिवसाची शेवटची ओळ लिहिली:

डाव्या बुटाला गुडघ्यापाशी छिद्र. सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलं. सकाळपर्यंत वाळेल.