कोठरीत ऊन

माझ्या मोठ्या जावेला मी ताई म्हणते. ती संरक्षण खात्याच्या कारखान्यात स्टोअरला होती. नट, बोल्ट, वायसर, बिजागऱ्या, जे मागतील ते मोजून द्यायचं आणि उरलेलं मोजून परत घ्यायचं, हे तिनं जन्मभर केलं. मागच्या पावसाळ्यात ती रिटायर झाली. पहिल्या दोन महिन्यांत तिनं खालच्या-वरच्या सगळ्या दारांच्या कड्या बदलल्या, नळ घट्ट केले, माझ्या शिलाई मशीनचा करकरणारा पायटा गप्प केला. मग घरात दुरुस्त करण्यासारखं काहीच उरलं नाही आणि ती अंगणात येरझाऱ्या घालायला लागली.

आम्ही हिंदी मुलखात, अधारतालला राहतो. खाली ताई आणि भाऊजी, वर मी आणि माझे मिस्टर. दोन्हीकडची मुलं नोकरीपायी बाहेरगावी. मागचं अंगण दोन्ही घरांचं मिळून. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेला वेळ कुंड्यांत घालवते. दर हिवाळ्यात टमाटर आणि शिमला मिरची लावते, आणि दर हिवाळ्यात थंडीचा एक आठवडा असा येतो की पाला पडतो, म्हणजे दव गोठून बर्फ होतं, आणि सगळी झाडं काळी पडून माना टाकतात.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी कपडे वाळत घालता घालता मी म्हटलं, "यंदा नाहीच लावत ताई. पोरांसारखं वाढवायचं आणि मग असं व्हायचं."

"काहून नाही लावत? कोठरी आहे ना."

कोठरी म्हणजे अंगणाच्या टोकाची टिनाच्या छताची खोली. कुदळी, फावडी, रिकाम्या कुंड्या ठेवायला सासऱ्यांनी बांधली होती. तिला उत्तरेकडे एक एवढीशी खिडकी होती, बस.

"अंधार आहे तिथं. झाडांना ऊन लागतं."

"मग छत काढू," ताई म्हणाली. डब्याचं झाकण काढू म्हणावं तसं.

मी हसले. पण बादली खाली ठेवली. कारण तोवर माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. छताचा उतार दक्षिणेकडे होता, आणि हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडूनच तिरपं येतं. पत्र्यांऐवजी पारदर्शक शीट टाकली, दक्षिणेची भिंत कमरेपर्यंत उतरवून तिथंही तीच शीट लावली, तर? मी खडू आणून अंगणाच्या फरशीवर चित्र काढायला लागले. ताई शेजारी उकिडवी बसली. तिनं माझ्या हातातून खडू घेतला आणि चित्रावर मापं लिहिली. टेप न लावता. नंतर टेप लावून पाहिलं तर एका जागी फक्त दोन बोटांचा फरक निघाला.

भाऊजींचं म्हणणं होतं की कोठरीत 'कामाचं सामान' आहे. पुढच्या रविवारी ताईनं ते सगळं सामान बाहेर काढून अंगणात मांडलं आणि त्यांना चहा घेऊन तिथंच बसवलं. "यातलं मागच्या पाच वर्षांत काय वापरलं तेवढं दाखवा."

भाऊजी कप घेऊन सामानाभोवती फिरले. मग त्यांनी स्कूटरवर हात ठेवला. दोघा भावांनी मिळून घेतलेली ती पहिली स्कूटर. तिचं इंजिन केव्हाच बंद पडलेलं.

"ही चालत तरी आहे का?" ताईनं विचारलं.

"चालत नाही. पण आहे."

माझे मिस्टर वरून गॅलरीतून म्हणाले, "वहिनी, तिला नका देऊ भंगारात." शेवटी स्कूटर पोर्चमध्ये गेली, बाकीचं रद्दीवाला घेऊन गेला. कोठरी रिकामी झाली तेव्हा दोघी आत जाऊन उभ्या राहिलो. धूळ, कोळिष्टकं, ओल्या मातीचा वास. मला तिथं टमाटर दिसायला लागले होते.

मिस्त्रीला बोलावलं. तो कमरेवर हात ठेवून छताकडे पाहत म्हणाला, "दीदी, लोग धूप से बचने के लिए छत डलवाते हैं. आप निकलवा रही हो?"

"हाँ भैया," ताई म्हणाली, "हमको धूप ही चाहिए."

त्यानं खांदे उडवले आणि शिडी लावली. छत भिंतीवर नाही, चार कोपऱ्यांतल्या लोखंडी अँगलवर टेकलेलं आहे हे ताईनं आधीच पाहून ठेवलं होतं, त्यामुळे भिंत फोडायला भीती नव्हती. पहिला पत्रा सरकला आणि उन्हाचा एक लांब पट्टा थेट जमिनीवर पडला. त्या जमिनीला इतक्या वर्षांत ऊन माहीतच नव्हतं. एक पाल घाबरून भिंतीवर चढली. आणि आम्ही दोघी, एक पन्नाशीची आणि एक साठीची, टाळ्या वाजवायला लागलो. मिस्त्री वरून वाकून पाहत होता. त्याला वाटलं असेल या घरात काहीतरी गडबड आहे.

पारदर्शक शीट मेन रोडवरच्या दुकानातून आणल्या, ई-रिक्शाच्या टपावर बांधून. वारा सुटला की त्या फडफडायच्या, म्हणून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं ताई हात बाहेर काढून धरून बसलो होतो. सिग्नलला एका स्कूटरवाल्यानं विचारलं, "दीदी, गाड़ी का शेड बनवा रही हैं?"

"नहीं, ग्रीनहाउस," ताई मोठ्यानं म्हणाली. हा शब्द ती आठवड्याभरापूर्वीच शिकली होती, पण रुबाब असा की जणू माहेरी तिचे दोन-तीन असावेत.

छताची शीट बसवताना मिस्त्री बोल्ट जोरात आवळत होता. ताई खालून ओरडली, "इतना मत कसो! शीट तड़क जाएगी. पहले रबर का वाशर डालो." त्यानं एक बोल्ट काढून पाहिला. शीटला केसाएवढी चीर गेलीच होती. त्यानंतर तो तिला दीदी नाही, मॅडम म्हणायला लागला. दक्षिणेची बाजू तर ताईनं स्वतःच ड्रिल घेऊन बसवली. मी शीट धरायची, ती भोक पाडायची. ड्रिल थांबलं की म्हणायची, "पाहून राहिली ना, कशी सरळ आली?" चार दिवस आमच्या दोन्ही घरी वरण-भात आणि लोणचं. कुणी तक्रार केली नाही, किंवा केली असेल तर आम्हाला ऐकू आली नाही.

मग मी माझी चाळीस रोपं आत नेली. टमाटर आणि शिमला मिरची, छोट्या छोट्या पेल्यांत. सकाळी शाळेत जाताना खारी शिरू नयेत म्हणून दार, खिडकी सगळं नीट बंद केलं. ताईला त्या दिवशी बँकेत काम होतं. दुपारी परत आले ती तशीच पर्स घेऊन कोठरीकडे धावले आणि दार उघडलं तर तोंडावर भट्टीची झळ आली. सगळी रोपं आडवी झाली होती. पानं शिजवलेल्या पालकासारखी.

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. दुःख रोपांचं होतंच, पण त्याहून जास्त लाज होती. बंद जागेत आलेली उन्हाची उष्णता बाहेर पडत नाही, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवते. परीक्षेत विचारते. मार्क कापते.

ताई बँकेतून आली. तिनं मला पाहिलं, आत जाऊन एकेक पेला उचलून पाहिला, बाहेर आली.

"अकरा वाचतील. सगळी टमाटरं आहेत. मिरची गेली."

"माझ्यामुळे गेली ताई."

"मग? रडून काय राहिली? शिडी आण."

त्याच संध्याकाळी तिनं छताच्या वरच्या कडेची शीट सोडवली, बिजागऱ्या लावल्या आणि खालून दोरी ओढली की झाकणासारखी उघडेल अशी केली. गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट पाहिजे, हे मी सांगितलं. वाट कशी काढायची ते तिनं. थंडीसाठी मी आणखी एक सुचवलं होतं, पाण्याचे दोन ड्रम काळे रंगवून आत ठेवायचे, म्हणजे दिवसभर ते तापतील आणि रात्री ऊब सोडतील. ड्रम आले. पाटणला ताईच्या जुन्या सहकारिणीचं शेत आहे, तिथून कुजलेलं शेणखत आलं. अकरा रोपं मोठ्या कुंड्यांत गेली आणि डिसेंबर लागता लागता माझ्या गुडघ्याला आली.

जानेवारीत पाला पडला. सकाळी उजाडल्यावर खाली आले तर अंगणातलं गवत पांढरं झालं होतं. शेजाऱ्यांच्या कुंपणावरचा सेमीच्या शेंगांचा वेल काळवंडून लोंबत होता. शाल घट्ट ओढून मी कोठरीचं दार उघडलं, तर आत भाऊजी बसलेले. मफलर, कानटोपी, हातात चहाचा कप, खाली घरातली वेताची खुर्ची.

"या," ते म्हणाले, जसं त्यांचंच घर. "इथं मस्त आहे. मी आठ दिवसांपासून येऊन राहिलो. तुमच्या ताईला सांगू नका."

मी झाडांकडे पाहिलं. अकराच्या अकरा हिरवीगार, ताठ. पानांवर साधा डाग नाही. मी मोठ्यानं "ताई!" अशी हाक मारली आणि भाऊजींचं गुपित तिथंच फुटलं. ताई धावत आली, झाडं पाहिली, खुर्ची पाहिली. भाऊजींना म्हणाली, "बसा, पण पाय आवरून बसा."

पुढं पिवळी फुलं आली. रोज नवी फुलं, आणि रोज तीच गळून खाली. फळ धरायचं नाव नाही. ताईचा चेहरा उतरला. मी दोन दिवस विचार केला आणि मग लक्षात आलं, बंद कोठरीत ना वारा, ना मधमाश्या. फुलाला हलवणार कोण? टमाटरच्या फुलाला जरा थरथर लागते, तेव्हा परागकण पडतात.

"थरथर?" ताई म्हणाली. घरात गेली आणि भाऊजींचं बॅटरीवर चालणारं दाढीचं मशीन घेऊन आली. ते चालू करून तिनं फुलाच्या मागच्या देठाला नुसतं टेकवलं. फुलातून पिवळी धूळ उडाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"अगं बाई!"

तेव्हापासून रोज सकाळी अकराच्या सुमाराला ती एकेका फुलाला मशीन लावत फिरायची. भाऊजी म्हणायचे, "मग मी दाढी कशानं करू?" त्यांनी साध्या ब्लेडनं केली.

आणि एका दुपारी, मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये माझा फोन वाजला. ताई शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही.

"लागलं," ती धापा टाकत म्हणाली.

मी खुर्चीतून उठलेच. "कुणाला लागलं ताई? भाऊजींना?"

"टमाटर लागलं गं! हरभऱ्याएवढं! हिरवं!"

मी किंचाळले. हिंदीच्या मॅडमच्या हातातला चहा सांडला. उरलेले दोन तास मी कसे शिकवले ते मुलांनाच ठाऊक. घरी आले ती साडी-पर्ससकट थेट कोठरीत. माझे मिस्टर ऑफिसमधून लवकर आले होते, भाऊजी खुर्ची सोडून उभे होते आणि ताई त्या एका फांदीपुढे हात आडवा धरून पहारा देत होती. "दुरून पाहा. हात नका लावू कोणी." आम्ही चौघंही त्या हरभऱ्याएवढ्या हिरव्या गोळ्यावर वाकलो. भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सगळे नुसते हसत होतो.

दुसऱ्या दिवशी मोजले तर सात झाले होते.