गडूतलं उरलेलं पाणी

माझ्या मुलाच्या तोंडात घातलेलं गंगाजल गळ्याखाली उतरलं नाही. ओठाच्या कडेनं ओघळून उशीवर आलं. तेव्हाच मला कळलं. सून अजून त्याचे तळपाय चोळत होती. नात म्हणाली, "आजी, थेंब बाहेर पडला. पुन्हा घाल, म्हणजे बाबा उठतील."

तिच्या गोष्टीच्या पुस्तकात मेलेला राजपुत्र अमृताच्या थेंबानं उठून बसतो. मी चौथी शिकलेली. ओळीवर बोट ठेवून मीच तिला ते वाचून दाखवायचे. लिहिणाऱ्याला काय बोल लावायचा? पोरांना झोप लागावी म्हणून गोष्टीत कुणाला मरू देत नाहीत. पण एखाद्या गोष्टीत माणसानं साधं मरावं, घरच्यांनी रडावं आणि मग पुन्हा चूल पेटवावी, एवढं तरी असावं.

दिवसकार्य झाल्यावर नातीनं गंगाजलाचा गडू माझ्यापुढं धरला. "उरलेलं तू पी. तू मरू नकोस."

"पाणी आहे ते. मीही मरणार."

"आईपण?"

"आईपण. तूही, म्हातारी होऊन."

"अहो आई, पोरीला काय सांगताय!" सून आतून ओरडली.

 नातीनं गडू तुळशीत ओतला आणि भूक लागली म्हणाली.

पुस्तक अजून घरात आहे. राजपुत्र उठला की ती विचारते, "नंतर म्हातारा होऊन मेला ना?" मी हो म्हणते आणि पान उलटते. माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मुलगा गेला. मी आहे.