कानशीचे चार हात

थडग्यांच्या डोंगराखालच्या गुर्ना गावातल्या माणसाला नदीपलीकडचे लोक आधी चोर म्हणतात आणि मग सलाम करतात. बखीतला याचा भारी राग. तो सुतार, त्याचा बाप सुतार, आजाही सुतार. "आमच्या घरात थडग्यातला फुटका मणीसुद्धा कधी आला नाही," हे त्यानं चहाच्या दुकानात इतक्यांदा ऐकवलं होतं की पुढेपुढे लोकच त्याचं वाक्य पुरं करून टाकत.

गावामागच्या डोंगराच्या पोटात एक लुटलेलं थडगं सापडलं, तेव्हा आत शवपेट्या होत्या सात आणि त्यांचे तुकडे चार हजारांवर. चोरांनी आधी सोन्यासाठी आणि मग कोरलेल्या चेहऱ्यांसाठी कुऱ्हाडी चालवल्या होत्या. तुकडे जुळवायला शिकलेली माणसं होती, पण ती रंग आणि अक्षरं बघत. लाकडाच्या शिरा ओळखणारा कुणी हवा म्हणून बखीतला बोलावणं आलं. त्याला ती जुनी लिपी वाचता येत नव्हती, उंबराचं लाकूड मात्र बापाच्या हाताखाली पाठ झालं होतं. तुकडा हातात घेऊन डोळे मिटायचा, अंगठ्यानं कड चाचपायचा आणि थेट जाऊन दुसऱ्या तुकड्याला लावायचा. साहेब लोक बघत राहायचे.

मुफिदा तेव्हा नुकतीच शिकून आलेली पोर होती. तिला हे काम बखीतनंच शिकवलं. पहिल्याच दिवशी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, जुन्या लाकडाला हात लावायचा, हत्यार नाही. दुसरी, रंग फसवतो, कड फसवत नाही; कड कडेला भिडली नाही तर तो जोड नाही, तुकडा अनाथांच्या खोक्यात टाकायचा. ज्या तुकड्यांना घर सापडत नसे, त्यांच्या खोक्याला सगळे अनाथांचा खोका म्हणत. पुढे ती डॉक्टर झाली, तिथली मुख्य झाली. बखीत तिला मानानं दुक्तूरा म्हणू लागला, ती मात्र त्याला पहिल्यासारखी अम बखीत, म्हणजे बखीतकाकाच म्हणत राहिली. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून मान वर न करता विचारायची, "बसला, अम बखीत?" तो म्हणायचा, "बसला." ती लिहून टाकायची. अकरा वर्षं असंच चाललं.

पण त्या अकरा वर्षांच्या सुरुवातीलाच एक गोष्ट घडून गेली होती. एका बाईच्या पेटीचं झाकण जुळत आलं होतं आणि छातीखाली तळहाताएवढं भोक राहिलं होतं. कैरोहून मोठे पाहुणे यायचे होते. तेव्हाचे साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत झाकण पुरं दिसलं पाहिजे, आणि बखीतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्याशिवाय कोण करणार. बखीतला एक तुकडा सापडला. रंग जुळत होता, शिरा जवळजवळ जुळत होत्या. फक्त एका बाजूनं जवाच्या दाण्याएवढा अडत होता. तुकड्यावर रंग पार काठापर्यंत होता, म्हणून त्यानं झाकणाचीच कड घासली. थैलीतून कानस काढली, चार हात मारले, आणि तुकडा बसला. तीन हजार वर्षांचं लाकूड, पण त्याच्या भुशाला ताज्या लाकडाचा वास आला. बखीतनं ती भुकटी घाईनं फुंकून टाकली. गुरुवारी पाहुण्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि त्या हाताची त्याला पहिल्यांदा लाज वाटली.

त्यानं हे फक्त बायकोला, शरबातला, सांगितलं. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. सुतार कानस मारणार नाही तर काय न्हावी मारणार, म्हणाली. तिनं मन हलकं करायला म्हटलं होतं, पण ते त्याला दगडासारखं लागलं. कारण खरं तेच होतं. दार अडलं की रंधा, चौकट अडली की कानस. लाकूड अडलं तर लाकडाला शहाणं करायचं, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक होतं. चहाच्या दुकानात त्यानं चोरांना शिव्या घालणं मात्र सोडलं नाही. उलट, आवाज चढला.

अकरा वर्षांनी शेजारच्या थडग्याच्या कोरड्या विहिरीतली वाळू चाळताना एक तुकडा निघाला. तळहाताएवढा, आणि त्यावर चार अक्षरं. मुफिदानं वाचलं, "तामित." बाईचं नाव. त्या पेटीवरच्या चिठ्ठीवर तोवर 'नाव अज्ञात' असं लिहिलेलं होतं. छातीखालची अक्षरं झिजून गेली असावीत, असं सगळे धरून चालले होते. मुफिदानं हळूहळू डिंक सोडवला, बखीतनं बसवलेला तुकडा उचलला आणि नवा ठेवून पाहिला. रंग जुळला. शिरा जुळल्या. एका बाजूला मात्र जवाच्या दाण्याएवढी फट राहिली.

तिनं दोनदा पाहिलं, तीनदा पाहिलं. मग सुस्कारा टाकून म्हणाली, "कड भिडत नाही. तुम्हीच शिकवलंय, अम बखीत. टाका खोक्यात."

बखीतनं तो तुकडा उचलला. बाईचं नाव त्याच्या ओंजळीत होतं आणि खोका दोन पावलांवर. गप्प राहिला असता तर जगात कुणाला कळलं नसतं. त्याचं नाव राहिलं असतं, तिचं गेलं असतं. जेवणाची सुट्टी झाली म्हणून मुफिदा सोडून सगळे बाहेर गेले, तोही गेला. उन्हात फुगवलेल्या पिठाची भाकरी, कांदा, शिजवलेले वाल, सगळं समोर होतं. पहिला घास मोडून त्यानं तसाच खाली ठेवला. तुकडा अजून त्याच्या मांडीवर, रुमालात. तो उठला आणि आत गेला.

"दुक्तूरा, ती कड मी घासलीय."

मुफिदाला आधी समजलंच नाही.

"अकरा वर्षांपूर्वी. कानशीनं. पाहुणे यायचे होते म्हणून. हा तुकडा इथलाच आहे, फट माझी आहे."

मग तिनं भिंग उचलून झाकणाची कड पाहिली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, नोंदीत 'जुनी तोडफोड' असं लिहू, कुणाला कळायचं कारण नाही.

"चोरांच्या नावावर माझं पाप घालू नका," बखीत म्हणाला. "त्यांनी पोटासाठी फोडलं असेल. मी शाबासकीसाठी घासलं."

नोंदीच्या कागदावर त्यानं स्वतःच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: बखीत अब्देल-शाफी, सुतार, गुर्ना. कानशीचे चार हात. त्याच्या वरच्याच ओळीत मुफिदानं लिहिलं होतं, तामित. मग पेन खाली ठेवून तिनं विचारलं, "आणि बाकीचे जोड?"

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. दुसरी कुठलीच कड घासली नाही, अशी त्यानं मुलाची शपथ घेतली. मुफिदानं मान डोलावली आणि सगळे जोड पुन्हा तपासायला काढले. सात महिने लागले. भिंगाखाली एकेक कड गेली. सगळे जोड खरे निघाले, एकूण एक.

बखीत अजून कामावर जातो. चहाच्या दुकानात आता चोरांचा विषय निघाला की ग्लास उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून मुफिदा अजूनही विचारते, "बसला, अम बखीत?" तो म्हणतो, "बसला." मग ती उठते, चष्मा लावते आणि वाकून बघते. तिला उजेड नीट मिळावा म्हणून तो आपला हात बाजूला घेतो.